विश्लेषण : समुद्रातला एक सुळका... रिशेल्यू रॉकवर एवढे जीवन आणि एवढी गर्दी कशामुळे?

थायलंडच्या पश्चिमेला अंदमान समुद्रात एक खडक आहे. ओहोटीला त्याचे टोक जेमतेम पाण्याबाहेर डोकावते आणि भरतीला तेही दिसेनासे होते. तरीही ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत या टोकाभोवती सकाळपासून बोटी जमतात आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेली माणसे एकामागून एक पाण्यात उड्या घेतात. या खडकाचे नाव रिशेल्यू रॉक. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांच्या आवडत्या ठिकाणांच्या जागतिक याद्यांत तो वर्षानुवर्षे दिसतो. इथल्या जीवसृष्टीचे, इथल्या धोक्याचे आणि इथल्या गर्दीचेही कारण एकच आहे, ते म्हणजे समुद्राचा प्रवाह.

रिशेल्यू रॉक नेमका कुठे आहे?

फुकेतच्या वायव्येला साधारण २०० किलोमीटरवर सुरीन बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. रिशेल्यू रॉक त्याच उद्यानाच्या हद्दीत येतो, मात्र बेटांपासून सुमारे १८ किलोमीटर पूर्वेला, चारही बाजूंनी मोकळ्या समुद्रात एकटाच उभा आहे. वरून पाहिले तर त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. मुख्य सुळका आणि त्याच्या आजूबाजूला लहान सुळके, असा हा पसारा. कडा जवळपास सरळ खाली उतरतात आणि साधारण ३५ मीटरवर वाळूचा तळ लागतो. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांना सुळका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तसाच सुळका पाण्यात बुडवला आणि वाऱ्याच्या जागी वाहते पाणी आणले की रिशेल्यू रॉकची कल्पना येते. फरक इतकाच, की इथे चढाई वरून सुरू होते आणि शिखर शेवटी लागते.

जवळची मानवी वस्ती म्हणजे सुरीन बेटांवरचे मोकेन लोक. बोटींवर राहून समुद्रावर जगण्याची त्यांची जुनी परंपरा. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधक ॲना गिस्लेन यांनी इथल्या मुलांच्या नजरेचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी धूसर दिसते, म्हणून तर डायव्हरला मास्क लागतो. मोकेन मुलांना मात्र युरोपीय मुलांच्या तुलनेत पाण्याखाली दुपटीहून अधिक स्पष्ट दिसत होते, कारण ती डोळ्यांच्या बाहुल्या बारीक करून नजर जुळवत होती.

हे फ्रेंच वाटणारे नाव कसे पडले?

यामागे दोन कथा सांगितल्या जातात. आंद्रेयास द्यु प्लेसी द रिशेल्यू हे नाव फ्रेंच वाटले तरी हा माणूस डॅनिश होता. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या नौदलात तो दाखल झाला आणि पुढे त्याच नौदलाचा प्रमुख झाला. खडकाला त्याचेच नाव मिळाले, ही एक कथा. दुसरी कथा डायव्हरांच्या बोटींवर जास्त चालते. फ्रेंच सागरी संशोधक जाक कुस्टो यांनी स्थानिक कोळ्यांच्या मदतीने ही जागा डायव्हिंगसाठी शोधली आणि इथल्या जांभळ्या-लाल प्रवाळांवरून त्यांना कार्डिनल रिशेल्यूचा झगा आठवला, असे तीत म्हटले जाते. रंगतदार आहे, पण नौदल अधिकाऱ्याची कथा अधिक पटणारी. कुस्टो यांचा खरा वाटा वेगळाच आहे. त्यांनी आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘ॲक्वालंग’ तयार केले. टाकीतली हवा डायव्हरला हव्या त्या वेळी आणि हव्या त्या दाबाने देणारे हे साधन नसते, तर आजचे हौशी डायव्हिंग उभेच राहिले नसते.

एवढ्याशा खडकावर एवढे जीवन कसे?

पहिले कारण जागेचे. चहूकडे वाळूचा तळ असला की प्रवाळ, स्पंज, समुद्रफुले यांना चिकटायला जागा नसते. त्यांना टणक आधार लागतो आणि मैलोगणती वाळूत तो इथेच मिळतो. त्यामुळे खडकाचा इंच न् इंच कुणीतरी व्यापलेला असतो. मुंबईतल्या जागेसारखीच ही स्थिती आहे.

पण जागा मिळाली तरी खायला हवे. ते प्रवाह आणतो. भरती-ओहोटीचे पाणी सपाट तळावरून वाहत येते आणि अचानक समोर ३५ मीटर उंचीची भिंत उभी राहते. पाणी बाजूंनी फाकते, वेग घेते, काही खालून वर ढकलले जाते आणि खडकाच्या मागे भोवरे तयार होतात. या पाण्यातून प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, सतत खडकावरून जात राहतात. प्लवक खाणारे छोटे मासे प्रवाहाच्या तोंडावर थवा करून उभे राहतात. त्यांच्यावर ट्रेव्हॅली आणि बाराकुडा टपलेले असतात. खाली कपारीत कोकणात ‘गोबरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातले ग्रुपर दबा धरून असतात. कधीमधी याच प्लवकाच्या ओढीने व्हेल शार्कही येतो. जगातला हा सर्वात मोठा मासा गाळून खाणारा आहे, दातांनी शिकार करणारा नव्हे. तो दिसेलच अशी खात्री मात्र कोणताही प्रामाणिक मार्गदर्शक देत नाही.

रिशेल्यू रॉकची ओळख असलेले जांभळे मऊ प्रवाळ तर संपूर्णपणे या प्रवाहावर जगतात. टणक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते सूर्यप्रकाशातून त्यांच्यासाठी अन्न तयार करते. या मऊ प्रवाळांकडे असा भाडेकरू नसतो. पाण्यातून वाहत येईल ते पकडायचे आणि खायचे. प्रवाह जोरात असला की ते पूर्ण फुलतात, पाणी थांबले की मिटून लोळागोळा होतात. म्हणजे डायव्हरला सर्वात सोयीची वेळ ही खडक सर्वात कमी देखणा दिसण्याची वेळ असते!

आणि तो जांभळा रंगही सहज दिसत नाही. पाणी लाल रंग सर्वात आधी शोषून घेते. दहा मीटरच्या पुढे लाल वस्तू काळपट-तपकिरी दिसू लागते, बोट कापले तर रक्तही हिरवट दिसते. छायाचित्रांत दिसणारा भडक रंग विजेरीच्या किंवा फ्लॅशच्या प्रकाशात उमटलेला असतो.

मोठ्या माशांपेक्षा अनेक डायव्हर इथे येतात ते चिमुकल्या जिवांसाठी. समुद्रघोडे, गवताच्या काडीसारखे भासणारे घोस्ट पाइपफिश, माकूळ कुळातल्या कटलफिशची प्रणयलीला असे बरेच काही. यात हार्लेक्विन कोळंबीची तऱ्हा सर्वात न्यारी. दोन-चार सेंटिमीटरची ही ठिपकेदार जोडी स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यामाशाला उलटे पाडते आणि त्याचे नळीसारखे पाय कुरतडत बसते. तिला दुसरे काही खायला लागत नाही.

डायव्हर ज्याला ‘हिरवा राक्षस’ म्हणतात ते काय आहे?

स्वच्छ, कोमट पाण्यात पोहत असताना खालून अचानक हिरवट गढूळ पाण्याची भिंत वर येते. पुढचा माणूस दिसेनासा होतो आणि थंडी भरते. अंदमान समुद्रातल्या डायव्हरांनी याला ‘ग्रीन मॉन्स्टर’ असे नाव दिले आहे. यामागे समुद्राच्या पोटातल्या लाटा आहेत.

समुद्राचे पाणी एकसारखे नसते. वर उबदार आणि हलके, खाली थंड आणि जड असे थर असतात. निकोबार आणि सुमात्रा यांच्या आसपास समुद्रतळावर डोंगररांगा आहेत. भरती-ओहोटीचे पाणी त्यांच्यावरून ढकलले गेले की या दोन थरांच्या सीमेवर लाटा उठतात आणि पूर्वेकडे, थायलंडच्या किनाऱ्याकडे प्रवास करतात. पृष्ठभागावर त्यांची खूण म्हणजे खळबळत्या पाण्याचा लांबलचक पट्टा, एवढीच. आत मात्र त्यांची उंची ६० मीटरपर्यंत आणि त्याहूनही अधिक असू शकते. अंदमान समुद्रातल्या या लाटांची शास्त्रीय मोजमापे १९८० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेलासाठी खोदकाम करणाऱ्या जहाजांना समुद्राखालच्या या जोरकस हालचालींचा हिशेब ठेवणे भागच होते. अशी लाट उथळ भागात येऊन फुटली की खोल समुद्रातले थंड, पोषक पाणी वर चढते आणि तापमान काही मिनिटांत अनेक अंशांनी उतरते.

ही थंडी प्रवाळांना तारते का?

काही अंशी, हो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही जास्त आणि काही आठवडे तापलेले राहिले, तर टणक प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. उपाशी प्रवाळ मग मरू शकतात. २०१० मध्ये अंदमान समुद्रात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. २०११ च्या सुरुवातीला थायलंडने सागरी उद्यानांतली अनेक डायव्हिंग स्थळे बंद केली, ती याच फटक्यानंतर. पुढे संशोधकांनी बेटांच्या बाजूंची तुलना केली, तेव्हा समुद्राखालच्या लाटांचा मारा सोसणाऱ्या बाजूंवर प्रवाळांची हानी कमी झाल्याचे आढळले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डायव्हर ज्याला राक्षस म्हणतात, तो प्रवाळांसाठी उन्हाळ्यातला माठ ठरला.

पण माठाला मर्यादा असते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरच्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. वरचा थर सतत अधिक तापत राहिला तर अधूनमधून येणाऱ्या थंड लाटेने किती काळ निभावणार, हा प्रश्न उरतोच. मऊ प्रवाळांना शैवालच नसल्याने त्यांचे गणित काहीसे वेगळे आहे. तरी ते ज्या प्लवकावर जगतात, ते समुद्राच्या याच घुसळणीवर अवलंबून आहे.

तीस मीटर खोलीवर हवा किती वेळ पुरते?

पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे ३० मीटरवर दाब चौपट. फुप्फुसे भरायची तर तितक्याच दाबाची हवा लागते, म्हणून प्रत्येक श्वासाला टाकीतून चौपट हवा जाते.

हिशेब सोपा आहे. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते आणि २०० बार दाबाने भरली की तिच्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणाऱ्या माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर ही टाकी ११० मिनिटे चालेल. तीच ३० मीटरवर जेमतेम २७ मिनिटे. त्यातले ५० बार राखीव ठेवायचे असतात, म्हणजे हाती उरतात २० मिनिटे. आता प्रवाह आला, डायव्हर त्याच्याविरुद्ध पाय मारू लागला, धाप लागली आणि श्वासाचा वेग दुप्पट झाला, तर दहाच मिनिटे. घाबरलेला माणूस याहून लवकर टाकी रिकामी करतो.

दुसरी मर्यादा नायट्रोजनची. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. सोड्याची बाटली झटकन उघडल्यावर जसा फेस येतो, तसे घाईने वर आल्यास शरीरात बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकते. साध्या हवेवर ३० मीटर खोलीत सुमारे २० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असे प्रचलित तक्ते सांगतात. १८ मीटरवर हीच मुदत ५० मिनिटांच्या पुढे जाते. वर येतानाही मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा अधिक वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, हा नियमही याचसाठी. परतीचे तिकीट काढताना तो हमखास विसरला जातो.

तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची हलकी नशाही चढू शकते. विचार मंदावतात, हवेचा काटा पाहूनही आकडा डोक्यात शिरत नाही. आणि सर्वात पहिला धडा म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवरून श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतली हवा दुप्पट जागा मागते.

प्रवाहात नेमके काय बिघडते?

सुळक्यावर प्रवाह सर्वत्र सारखा नसतो. एका बाजूला पाणी अंगावर येते, कोपरा वळला की आडोसा मिळतो, पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा ओढ. काही ठिकाणी पाणी कड्यावरून खाली ओढून नेते आणि डायव्हरला कळायच्या आत पाच-दहा मीटर खोली वाढते. अनुभवी मार्गदर्शक म्हणूनच पाण्यात उतरण्याआधी पृष्ठभागावरचा प्रवाह पाहतो, आडोशाची बाजू ठरवतो आणि खोलीतून सुरुवात करून खडकाभोवती फेऱ्या घेत हळूहळू वर येतो. भांगाच्या दिवसांत हे काम सोपे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तीच जागा ओळखू येत नाही.

खडक सुटला तर? आसपास दुसरा आधार नाही. वाहत गेलेल्या डायव्हरने प्रवाहाशी झुंजायचे नसते. ठरलेल्या वेगाने वर यायचे आणि नारिंगी रंगाचा लांबट फुगा पाण्यावर सोडायचा. लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर-दोनशे मीटरवरूनही दिसत नाही, फुगा दिसतो. ही वस्तू खिशात असणे आणि ती वापरता येणे, यात बराच फरक आहे.

मालवणात एकदा डायव्हिंग केलेले पुरेसे नाही का?

नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना जे घडवले जाते, त्यात प्रशिक्षक बाजूला राहून काही मीटर खोलीपर्यंत नेतो-आणतो. पाण्याखालचे जग पहिल्यांदा पाहण्यासाठी ते छान आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र, ज्यात १८ मीटरपर्यंतची मर्यादा असते. पुढची ‘ॲडव्हान्स्ड’, साधारण ३० मीटरपर्यंत. तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात असे रीतसर शिक्षण घेता येते. मुंबई-पुण्यातले अनेक जण ते थेट थायलंडमध्ये किंवा अंदमानात जाऊन घेतात. रिशेल्यू रॉकवर मात्र प्रमाणपत्रापेक्षाही एक कौशल्य जास्त कामी येते, ते म्हणजे हातपाय न मारता पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगणे. ते पाचव्या डाइव्हला येत नाही.

मग गर्दीचा प्रश्न काय आहे?

कोणत्याही बोटीला प्रवाह मंदावण्याचीच वेळ हवी असते. त्यामुळे बोटींवर राहून फिरणारे आणि खाओ लाककडून वेगवान बोटीने आलेले असे सगळेच एकाच सुमारास उतरतात. खडक लहान, नालासारखा. एका समुद्रघोड्यापुढे छायाचित्रकारांची रांग लागते. मागच्याचा धक्का टाळताना पुढचा प्रवाळाला धरतो, फिनच्या फटकाऱ्याने मऊ प्रवाळाची फांदी तुटते. एखादा मार्गदर्शक चांगला फोटो मिळावा म्हणून काठीने जिवाला हलवून देतो.

कॅरेबियनमधल्या सेंट लुसियात ३५३ डायव्हरांचे पाण्याखाली निरीक्षण करण्यात आले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास तीन चतुर्थांश डायव्हर किमान एकदा तरी प्रवाळाला लागल्याचे दिसले. कॅमेरा हातात असणाऱ्यांचे धक्के अधिक होते. बोटीवर दिलेल्या छोट्या सूचनेचा फारसा परिणाम झाला नाही. मार्गदर्शकाने पाण्याखालीच चूक करणाऱ्याला अडवले, तेव्हा मात्र धक्के लक्षणीय घटले. एका मार्गदर्शकामागे किती डायव्हर, या रुक्ष आकड्याला म्हणूनच एवढे महत्त्व.

थायलंडने काय केले?

पर्यटनावर मोठा भार असलेल्या देशाच्या मानाने बरेच काही. गर्दीने जेरीस आलेले ताचाई बेट २०१६ मध्ये बेमुदत बंद केले. शेजारच्या सिमिलान बेटांवर २०१८ मध्ये दैनंदिन मर्यादा आणली आणि त्यात डायव्हरांसाठी वेगळा आकडा ठेवला. प्रवाळांना अपायकारक मानली जाणारी चार रसायने असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांत बंदी घातली. २०२५ मध्ये डायव्हिंगचे नियम कडक करताना शिकाऊ आणि कमी अनुभवी डायव्हरांच्या हातातला कॅमेरा काढून घेतला. यावर व्यावसायिकांनी कुरकुर केली असली तरी सेंट लुसियाचा अनुभव पाहता तो निर्णय योग्यच म्हणायला हवा.

अंमलबजावणी ही वेगळी बाब. किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली वीस मीटरवर कुणी कुठे हात टेकला हे पाहायला उद्यानाचा रक्षक नसतो. तिथे असतो तो मार्गदर्शक, आणि त्याचा पगार त्याच पर्यटकाच्या पैशातून, अनेकदा टिपमधून येतो. त्यामुळे काही कंपन्यांनी रिशेल्यू रॉक सहलीच्या पहिल्या दिवशी न ठेवता शेवटाकडे ठेवण्याचा मार्ग पत्करला आहे. आधीच्या सोप्या जागांवर कोण किती स्थिर तरंगतो हे कळते, आणि ज्याला जमत नाही त्याला त्या दिवशी बोटीवर थांबायला सांगता येते. १५ मे उलटला की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे उद्यान बंद होते. पुढचे पाच महिने त्या खडकाकडे एकही डायव्हर फिरकत नाही.